मुलीचा धडा करू नका

सप्रेम नमस्कार,

मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. बरेच महिने रुग्णालय आणि घर एवढंच तिचं जग होतं. आता डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. गोळ्या आणि अधूनमधून इंजेक्शनं चालूच राहणार आहेत. मध्ये एकदा ती आईबरोबर पुस्तकं न्यायला आली होती, डोक्याला रुमाल बांधून. ती वळल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा 'टकली' म्हणाला आणि अर्धा वर्ग हसला. तिच्या शेजारी बसणारी मुलगी नंतर हळूच येऊन म्हणाली, 'बाई, माझी जागा बदलाल का?' आणखी एकाने सरळच विचारलं, 'ती मरणार आहे का?' मी विषय बदलला.

मुख्याध्यापकांच्या मते ती येईल त्या दिवशी सभागृहात तिचं जाहीर स्वागत करावं, तिने चार शब्द बोलावेत, म्हणजे सगळ्या शाळेला करुणेचा धडा मिळेल. एका सहकाऱ्यांनी सुचवलंय की मुलांना एक दिवस आजारी माणसासारखं वागायला लावू. करुणा अशी शिकवता येते का? आणि त्या मुलाचं काय करू?

— एक वर्गशिक्षिका

बाई,

तुमच्या पत्रात हसणाऱ्या मुलाकडे आधी लक्ष जातं, पण मी थांबले ती जागा बदलून मागणाऱ्या मुलीपाशी. तिला मैत्रीण नकोशी झालेली नाही. तिला भीती वाटतेय, आणि ती भीती घालवायला अजून कुणी पुढे आलेलं नाही. घाबरलेल्या मुलाला 'प्रेमाने वाग' असं सांगून काही होत नाही. फार तर ते तुमच्यासमोर प्रेमाने वागेल आणि तुमची पाठ वळली की अंग चोरून बसेल. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. करुणा शिकवता येते, पण सुरुवात भावनेपासून करायची नाही. आधी मुलांना खरी माहिती द्यायची, मग हाताला काम द्यायचं. मन सहसा त्यामागून येतं. एखाद्याचं नाहीच आलं, तरी त्याचं वागणं सुधारलेलं असतं, आणि त्या मुलीचा रोजचा संबंध वर्गाच्या वागण्याशीच येणार आहे.

सभागृहातला कार्यक्रम होऊ देऊ नका. मुख्याध्यापकांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी, केस गेलेले, औषधांनी चेहरा सुजलेला, इतक्या महिन्यांनी शाळेत पाऊल टाकतेय. बहुतेक तिला एवढंच हवं असतं की गुपचूप जाऊन आपल्या बाकावर बसता यावं. अशा मुलीला आपण व्यासपीठावर चढवणार, हातात माईक देणार आणि शेकडो मुलांना टाळ्या वाजवायला सांगणार! टाळ्या झाल्या की मुलांना वाटतं आपलं कर्तव्य पार पडलं. आणि ती मात्र त्या दिवसापासून शाळेचं उदाहरण होऊन बसते. मधल्या सुट्टीत उदाहरणाला कुणी खेळायला बोलावत नाही.

मुख्याध्यापकांना नाही म्हणणं जड जात असेल तर वैद्यकीय कारण पुढे करा. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि अशा वेळी बंद जागेतली गर्दी टाळायला सांगतात. तिच्या आईला विचारून घ्या, त्यांना डॉक्टरांनी याबाबत काहीतरी सांगितलेलंच असेल. वैद्यकीय कारणावर मुख्याध्यापक सहसा वाद घालत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आता तिच्याशी बोलणं. हे सगळ्यात आधी, वर्गाशी एक अक्षर बोलण्याच्याही आधी. तिचा आजार ही तिची खाजगी गोष्ट आहे. अर्ध्या शाळेला कळली असली तरी. घरी जा किंवा फोन करा, आई सोबत असू द्या, पण प्रश्न मुलीला विचारा. 'कसं वाटतंय?' असा मोघम प्रश्न नको, त्याला 'बरं' हेच उत्तर येतं. विचारा: मी वर्गाला काय काय सांगितलेलं चालेल? कुठली गोष्ट अजिबात सांगायची नाही? तू वर्गात असताना सांगू की तू येण्याआधी? कुणी रुमालाबद्दल विचारलं तर तू उत्तर देशील की मी देऊ? बरीच मुलं म्हणतात, मी नसताना सांगून टाका. एखादीला मात्र स्वतःच सांगायचं असतं, आणि ती इतकं छान सांगते की आपण बाजूला व्हावं. ती जे म्हणेल ते प्रमाण. 'काहीच सांगू नका' म्हणाली तरी तेही ऐकायचं. तेव्हा तिचं नाव न घेता विज्ञानाच्या तासाला कर्करोग म्हणजे काय एवढंच शिकवा.

तिने होकार दिला तर तिच्या येण्याच्या दोन-चार दिवस आधी एक पूर्ण तास घ्या. त्यात रडवेला आवाज नको, पार्श्वसंगीताची चित्रफीत तर नकोच. पेशींचा धडा शिकवता तसंच शिकवायचं. हाडांच्या आत अस्थिमज्जा असते, तिथे रक्तपेशी तयार होतात. या आजारात तिथे अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत सुटतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तो कुणाला शिवल्याने, कुणाच्या बाटलीतलं पाणी प्यायल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही. तिने काही चूक केली म्हणूनही तो झालेला नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका, कारण मुलांच्या डोक्यात हा प्रश्न असतो आणि मोठ्यांच्याही.

मग केसांचं सांगा. केमोथेरपीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांची मुळंही भराभर वाढणारी, म्हणून केस जातात. ते आजाराने गेलेले नसतात, औषधाने गेलेले असतात, आणि ती औषधं थांबली की पुन्हा येतात, कधीकधी आधीपेक्षा कुरळे. चेहरा गोल दिसतो तो स्टेरॉइडमुळे. त्याच औषधाने चिडचिडही होते, तेव्हा ती एखाद्या दिवशी फटकन बोलली तर ते मनावर घ्यायचं नाही. काही औषधांनी हातापायांच्या नसा अशक्त होतात. बटण लावणं, जिना चढणं, सलग लिहिणं जड जातं. हे एकदा कळलं की चेष्टेला फारसं काही उरत नाही. चेष्टा बहुतेक वेळा न कळलेल्या गोष्टीचीच होते.

आणि आता या तासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुलांना विचारा: तिच्यापासून आपल्याला धोका आहे की आपल्यापासून तिला? थोडा वेळ जाऊ द्या. उत्तर मुलांकडूनच येतं. तिची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आलेली असते. आपल्याला आठवडाभर खाज देऊन जाणाऱ्या कांजिण्या तिच्या जिवावर बेतू शकतात, गोवरही तसाच. म्हणजे ताप, पुरळ किंवा खोकला असताना शाळेत न येणं आणि हात साबणाने धुणं ही आता वर्गाची जबाबदारी झाली. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला, किंवा ज्याला तो झालाय त्याच्या संपर्कात ती आली, तर तिच्या घरी त्याच दिवशी कळवायचं. ज्या मुलीला जागा बदलून हवी होती, तिला अचानक उमगतं की भ्यायचं असलंच तर आपण कुणासाठी भ्यायचं. इथे मी करुणा हा शब्दसुद्धा वापरणार नाही. गरज पडत नाही.

(एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी. तिला शाळेत 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप भरला, तर पॅरासिटामॉल देऊन बसवून ठेवायचं नाही. लगेच घरी फोन, आणि त्यांनी तिला त्याच तासात रुग्णालयात न्यायचं. हा नियम तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि शिक्षकखोलीच्या फळ्यावर लिहून ठेवा, कारण तुम्ही रजेवर असतानाच ताप येतो.)

माहिती आधी हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रायन व्हाइट नावाचा मुलगा होता. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होता. त्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या रक्तघटकांतून त्याच्या शरीरात एचआयव्ही गेला, आणि 1984 च्या डिसेंबरात, तेराव्या वर्षी, एड्सचं निदान झालं. 1985 मध्ये त्याच्या शाळेने त्याला यायला बंदी केली. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी प्रवेश मिळाला तो वेगळं स्वच्छतागृह आणि वापरून फेकायची भांडी या अटींवर. मुलांनी छळलं, पालकांनी निषेध केला. 1987 मध्ये कुटुंब त्याच राज्यातल्या सिसेरो या गावी गेलं. तिथल्या शाळेने तो यायच्या आधीच मुलांना एड्स कसा होतो आणि कसा होत नाही हे शिकवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक आणि काही विद्यार्थी दारात उभे होते, त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मुलगा तोच, आजार तोच, राज्यही तेच. दुसऱ्या गावातली मुलं काही जन्मतः जास्त मायाळू नव्हती, त्यांना कुणीतरी वेळेत बसवून समजावून सांगितलं होतं. रायन 1990 च्या एप्रिलमध्ये गेला, अठराव्या वर्षी. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी त्याला सहा महिने सांगितले होते.

सहकाऱ्यांच्या सूचनेबद्दल. 'एक दिवस आजारी' हा खेळ मला पटत नाही, आणि ही केवळ माझी नावड नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा चाकाच्या खुर्चीत बसवून अपंगत्वाचा अनुभव देण्याचे असे प्रयोग खूप ठिकाणी होतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रयोगांचा परिणाम तपासला गेला. भाग घेणाऱ्यांच्या मनात आपुलकी थोडी वाढली, पण त्याबरोबर अस्वस्थता आणि असहायताही वाढली. अपंग व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलण्या-मिसळण्याची तयारी मात्र वाढली नाही. आणि ते साहजिकच आहे. दिवसभर पट्टी बांधून अंधाराची भीती कळते, अंध माणूस रोजचा दिवस किती सराईतपणे काढतो ते कळत नाही. आजाराचं तर सोंगही वठत नाही. मळमळ, सुया, रात्रीची जाग, आईचा उतरलेला चेहरा, यांतलं काय मुलांना करून दाखवायला सांगणार? सगळ्या वर्गाने मुंडण करण्याची कल्पना कुणीतरी आणेलच. तीही तिला विचारल्याशिवाय नको. काही मुलींना त्यातून बळ येतं, काहींना आपल्यामुळे सगळा तमाशा झाला असं वाटतं.

'ती मरणार आहे का?' या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही विषय बदललात. त्यातून मुलांना कळलं की याबद्दल बोलायचं नसतं. मग ती आपापसात बोलतात, आणि तिथे काय बोललं जातं ते न विचारलेलं बरं. हा प्रश्न पुन्हा येईल, किंवा तुम्हीच काढा. उत्तर साधं आणि खरं द्या: 'मला माहीत नाही. हा गंभीर आजार आहे आणि त्याने माणसं जातातही. पण मुलांना होणाऱ्या या प्रकारच्या आजारावर आता चांगले उपचार आहेत आणि कित्येक मुलं पूर्ण बरी होतात. तिचे डॉक्टर त्यासाठीच झटताहेत.' जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जिथे निदान उशिरा होतं आणि उपचार अर्धवट सुटतात तिथे हे प्रमाण बरंच खाली येतं. हा आकडा तुमच्या मनाच्या आधारासाठी ठेवा, वर्गात वचन म्हणून देऊ नका. 'ती नक्की बरी होणार' हे वाक्य उद्या खोटं ठरलं, तर ती मुलं तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. आणि ज्याने विचारलं त्याला एकट्याला नंतर हळूच विचारा, 'तुला हे का विचारावंसं वाटलं रे?' बऱ्याचदा त्याच्या घरात कुणीतरी आजारी असतं, किंवा कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं.

मुलं नंतर विचारतात, 'मग तिच्याशी बोलायचं काय?' हा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही. तिला 'तू किती शूर आहेस' हे ऐकवू नका. सुया टोचून घेण्यावाचून तिला दुसरा मार्ग नव्हता, आणि शूर म्हटलं की तिला रडायची चोरी होते. 'माझ्या काकांनाही हेच झालं होतं, ते गेले' हे तर कुणी बोलूच नये, पण बोलतात! अमेरिकेतल्या सुसान सिल्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता, बॅरी गोल्डमन यांच्याबरोबर 2013 मध्ये एका वृत्तपत्रात एक साधी युक्ती मांडली होती. ती फळ्यावर काढून दाखवा. मध्ये एक छोटं वर्तुळ, त्यात आजारी माणूस. त्याभोवती दुसरं, त्यात आईवडील आणि भावंडं. त्याभोवती जवळच्या मैत्रिणी, मग वर्ग, मग शाळा. नियम एकच: आतल्या वर्तुळातल्या माणसाला आधार द्यायचा, आणि आपली भीती, रडणं, तक्रार बाहेरच्या वर्तुळात न्यायची. म्हणजे वर्गातल्या मुलाला वाईट वाटलं तर तो तुमच्याकडे येईल, तिच्याकडे नाही. आणि तुम्हाला भरून आलं तर तिच्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवायचं नाही, तुमच्या घरी किंवा शिक्षकखोलीत काय ते. आठवीच्या मुलांना हे चटकन समजतं. मुख्याध्यापकांना समजायला थोडा वेळ लागेल.

बोलायचं ते नेहमीचंच. क्रिकेट, कोण कोणाशी भांडलं, नव्या सरांची नक्कल. आजाराचा विषय तिने काढला तर ऐकायचं, नाही काढला तर खोदायचं नाही.

कामं वाटून द्या, पण सगळी एकाच मैत्रिणीच्या गळ्यात घालू नका. पहिल्या आठवड्यात पाच जणी धावतील, महिन्याने एकच उरेल आणि ती थकेल. वह्या उतरवून देणं, जिन्यावर दप्तर धरणं, ती नसेल त्या दिवशी गृहपाठ कळवणं, अशी कामं दर आठवड्याला बदलत ठेवा, मुलगे-मुली दोघांत. मदतीआधी विचारायचं, 'धरू का?' ती नको म्हणाली तर हात मागे. हट्टाने केलेली मदत तिला तिचं दुबळेपण दाखवून देते.

त्या मुलाचं काय? वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावू नका. तो माफी मागेल आणि त्या मुलीवर मनातल्या मनात दात धरेल. एकट्याला बोलवा. तो शब्द पुन्हा वर्गात येणार नाही, हे एका वाक्यात, चर्चेला जागा न ठेवता सांगा. मग विचारा, हसू का आलं. 'माहीत नाही' म्हणेल. खरंच नसतं माहीत. या वयात घाबरलं की बहुतेकांना हसूच येतं. त्याला बाकीच्यांसारखंच काम द्या, त्याची पाळी येईल तेव्हा. शिक्षा म्हणून तिचं दप्तर उचलायला लावण्याची चूक शाळांमध्ये सर्रास होते. तिची मदत ही कुणाचीही शिक्षा होता कामा नये.

एवढं झालं की वर्गातल्या इतर मुलांकडे पाहा. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्याला दमा असतो, एखादीला मधुमेह आणि ती स्वच्छतागृहात लपून इन्सुलिन घेत असते, एखाद्याचे वडील डायलिसिसवर असतात. हात वर करायला सांगू नका. तो तास झाल्यावर त्यांच्यातलं एखादं आपणहून तुमच्याकडे येईल. माझ्या मते तास जमल्याची खूण तीच. अपस्माराचा झटका, म्हणजे फिट आल्यावर काय करायचं हे मात्र सगळ्यांना शिकवून टाका: आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचं नाही, झटक्याचा जोर ओसरला की कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर रुग्णवाहिका बोलवायची. ज्याला काय करायचं ते माहीत असतं, तो पळून जात नाही आणि फोन काढून चित्रणही करत नाही.

पालकांना एक छोटा निरोप धाडा, मुलीच्या घरच्यांना दाखवून: आजार संसर्गजन्य नाही, तुमच्या पाल्याला ताप किंवा पुरळ असेल तर घरी ठेवा आणि आम्हाला कळवा. नाव, आजाराचा तपशील, खर्चाचा आकडा, फोटो, काही नाही. पालकांच्या फोनवरच्या गटावर चर्चा सुरू झाली तर एकाच ओळीत 'फोन करा' म्हणा आणि थांबा.

बाकी अभ्यासाचं. लिहायला जास्त वेळ, वाटल्यास तोंडी परीक्षा, खेळाच्या तासाला धावण्याऐवजी गुण मोजायचं काम, ही सोय द्या. पण उत्तर चुकलं तर चूक म्हणूनच दाखवा. आणि मराठीचे शिक्षक तिला 'माझा आजार' या विषयावर निबंध लिहायला सांगणार असतील, तर त्यांना आताच अडवा. वर्गाला जो विषय, तोच तिला द्यायचा.